केप पॉइंटवर दोन दीपगृहे का आहेत

दक्षिण आफ्रिकेतल्या केप पॉइंटच्या माथ्यावर पोहोचलेल्या माणसाला दोन दीपगृहे दिसतात. एक तो उभा असतो तिथेच, समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटरवर. दुसरे पार खाली, कड्याच्या शेवटच्या सोंडेवर, ८७ मीटर उंचीवर. वरचे बंद आहे, खालचे चालू. बहुतेक लोक वरच्याचा फोटो काढून परततात, आणि धडधाकट दिसणारा एवढा उंच दिवा सोडून खाली दुसरा का बांधला हा प्रश्न तसाच राहतो. या भूशिराचा सगळा इतिहास त्या प्रश्नाला चिकटलेला आहे. समुद्रावरून पाहणाऱ्याला हे टोक वारंवार फसवत आले. आज इथे दिसणारी जवळजवळ प्रत्येक खूण, नावांसकट, अशाच एखाद्या फसगतीनंतर उमटलेली आहे.

पहिली गोष्ट नावाची. बार्थोलोम्यू डायसची पोर्तुगीज गलबते १४८७ साली लिस्बनहून निघाली आणि या टोकाला वळसा घालून पुढे गेली, पण जाताना त्यांना टोक दिसलेच नाही. वारा चुकवायला ती खोल समुद्रात शिरली होती. मग पूर्वेकडे वळूनही जमीन लागेना, म्हणून उत्तरेला आली, तेव्हा ३ फेब्रुवारी १४८८ रोजी आजच्या मॉसेल बेचा किनारा लागला. भूशिर त्यांनी पाहिले ते परतीच्या वाटेवर, त्याच वर्षीच्या मे महिन्यात. डायसने त्याला ‘वादळांचे भूशिर’ म्हटले आणि राजा दुसरा जॉन याने ते बदलून ‘केप ऑफ गुड होप’ केले, अशी पोर्तुगीज बखरकारांनी सांगितलेली हकीकत आहे. नवे नाव डायसनेच दिले असेही काही जुन्या नोंदी सांगतात. पुढे १४९७ च्या नोव्हेंबरात वास्को द गामा इथून गेला आणि १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोहोचला. डायस मात्र १५०० साली दक्षिण अटलांटिकमधल्याच एका वादळात गलबतासह बुडाला.

इथे एक घोटाळा आधीच दूर करायला हवा. केप ऑफ गुड होप आणि केप पॉइंट ही दोन वेगळी टोके आहेत. केप ऑफ गुड होप हे केप पॉइंटच्या पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, सुमारे २.३ किलोमीटरवर आहे. ते बुटके आणि खडकाळ. ज्या प्रसिद्ध पाटीजवळ फोटोसाठी रांग लागते ती तिथलीच. उंच कडे आणि दीपगृहे केप पॉइंटला. दोन्हींपैकी एकही आफ्रिकेचे दक्षिण टोक नाही; तो मान आग्नेयेला सुमारे १५० किलोमीटरवर असलेल्या केप अगुलासचा. अटलांटिक आणि हिंदी महासागर यांची अधिकृत सीमाही तिथूनच धरतात. केप पॉइंटवरून पाण्यात दोन रंगांचा पट्टा दिसला की ‘हाच महासागरांचा संगम’ असे सांगितले जाते, पण तो पट्टा फेसाचा, तळाच्या वाळूचा किंवा खोलीतल्या फरकाचा असतो. हिंदी महासागरातला उबदार अगुलास प्रवाह आणि अटलांटिकमधला थंड बेंग्वेला प्रवाह यांचे पाणी जिथे मिसळते तो प्रदेश ऋतूप्रमाणे सरकत राहतो, त्याची रेघ कुठे ओढता येत नाही. फरक जाणवतो तो पाण्यात हात घातल्यावर. उन्हाळ्यात आग्नेय वारा पश्चिम किनाऱ्यावरचे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर, खुल्या समुद्राकडे लोटतो, त्याच्या जागी तळाचे गार पाणी वर येते, आणि त्यामुळे पश्चिमेकडचे पाणी पूर्वेकडच्या उपसागरापेक्षा कित्येक अंशांनी थंड असते.

त्या पूर्वेकडच्या उपसागराचे नावच फॉल्स बे, म्हणजे खोटा उपसागर. त्याच्या तोंडाशी पश्चिमेला केप पॉइंट, तर सुमारे तीस किलोमीटर पूर्वेला हँगक्लिप नावाचे तसेच तीव्र चढाचे टोक. भारताकडून परतणारी गलबते हँगक्लिपलाच केप पॉइंट समजून उत्तरेला वळत, आणि टेबल बे, म्हणजे केप टाऊनचा उपसागर, लागेल या आशेने या उपसागरात शिरत. या चुकीमागचे कारण अगदी साधे होते. सूर्याची उंची मोजून अक्षांश काढता येई, पण रेखांश काढण्याचे खात्रीचे साधन अठराव्या शतकात क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावरही अचूक चालणारे घड्याळ, येईपर्यंत जहाजावर नव्हते. या दोन टोकांच्या अक्षांशांत तर जेमतेम दोन मिनिटांचा फरक आहे, म्हणजे चारेक किलोमीटर. डुलत्या गलबतावरून घेतलेल्या मोजणीत एवढा फरक सहज हरवे. उरे फक्त नजर, आणि नजरेला दोन्ही टोके सारखीच.

तरीही या उपसागरात येणे भाग होते. हिवाळ्यातल्या वायव्य वादळांत टेबल बेमध्ये नांगरलेली जहाजे किनाऱ्यावर आपटत, म्हणून अठराव्या शतकाच्या मध्याला डच ईस्ट इंडिया कंपनीने हिवाळ्यासाठी फॉल्स बेमधला सायमन्स बे निवडला. पुढे तिथेच सायमन्सटाऊनला ब्रिटिश आरमाराचा तळ झाला, आणि तो १९५७ पर्यंत ब्रिटिशांकडे राहिला. साहजिकच केप पॉइंटला वळसा घालणाऱ्या जहाजांची वर्दळ वाढली आणि दिव्याची मागणीही.

पहिले दीपगृह १८५९ मध्ये बांधून झाले आणि १८६० च्या मे महिन्यात पेटले. बिडाचा बुटका मनोरा जमेल तितक्या उंच जागी बसवला. हिशोब वरवर बरोबर होता. दिव्याची मीटरमधली उंची घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला ३.५७ ने गुणा. दिव्यापासून क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते साधारण कळते. २४० मीटरला हे उत्तर ५५ च्या आसपास येते. ८७ मीटरला ३३. मग उंचीवरचा दिवा जास्त चांगला, असेच कुणालाही वाटेल.

प्रत्यक्षात तो दोन प्रकारे घातक ठरला. एक तर ढग. दमट वारा कड्यावर आदळून वर चढतो, गार होतो आणि माथ्यावर धुके धरतो. खाली समुद्रावर स्वच्छ असतानाही वरचा दिवा कापसात गुंडाळल्यासारखा नाहीसा होई, आणि ज्या रात्री त्याची सर्वांत जास्त गरज असे नेमका त्याच रात्री. दुसरी अडचण जास्त फसवी होती. पश्चिमेकडून येणाऱ्या जहाजांना हा दिवा मधल्या जमिनीच्या वरून फार लवकर दिसू लागे. दिवा दिसतो आहे, म्हणजे आपण ठीक आहोत, असे समजून तांडेल किनाऱ्याच्या नको तितक्या जवळून जहाज हाकत. टोकासमोर तर पाण्यात बेलोज रॉकसारखे खडक आहेत.

१८ एप्रिल १९११ च्या रात्री लुसितानिया हे पोर्तुगीज प्रवासी जहाज धुक्यात याच बेलोज रॉकवर चढले. (१९१५ मध्ये पाणतीराने बुडालेले ब्रिटिश लुसितानिया ते वेगळे.) शेकडो प्रवाशांपैकी बहुतेक वाचले, पण दिवा हलवायचा की नाही हा वाद तिथे संपला. नवी जागा ठरली डायस पॉइंट, खालच्या सोंडेचे टोक. ती ढगांच्या खाली येते, आणि मागची डोंगराची धार दिव्याला पश्चिमेकडून झाकते. त्यामुळे जहाज किनाऱ्यापासून पुरेसे बाहेर असेल तेव्हाच दिवा दिसतो. जुन्या दिव्याचा दोष होता तोच इथे उलटा वापरला आहे, आणि दिवा न दिसणे हीच सूचना झाली आहे. आमच्या मते या टोकावर पाहण्यासारखी सर्वांत हुशार गोष्ट हीच. ११ मार्च १९१९ रोजी हा दिवा सुरू झाला. आज तो दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा सर्वांत शक्तिशाली दिवा मानला जातो, एक कोटी कँडलपॉवरचा.

तरी अपघात थांबले नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर ओलिफंट्सबॉसजवळ थॉमस टी. टकर हे अमेरिकी लिबर्टी जहाज १९४२ मध्ये पहिल्याच फेरीत, युद्धसामग्रीसह, रुतले. १९६५ मध्ये नोलॉथ हे डच जहाज तिथे जवळच रुतले. दोन्हींचे गंजलेले सांगाडे एका पायवाटेवर पाहायला मिळतात. ओहोटीची वेळ पाहून जावे. भरतीला बरेचसे लोखंड पाण्याखाली जाते.

अभयारण्यात रस्त्यालगत दोन मोठे पांढरे क्रॉस आहेत, एक डायसचा, एक गामाचा. पोर्तुगीज दर्यावर्दी किनाऱ्यावर जे दगडी स्तंभ रोवत त्यांची ही आठवण, पण त्यांचे दुसरे काम कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. समुद्रावरून हे दोन क्रॉस एका रेषेत आले की ती रेषा फॉल्स बेमधल्या व्हिटल रॉक या बुडीत खडकाकडे जाते.

कडे इतके उभे का, याचे उत्तर दगडात आहे. केप द्वीपकल्पाच्या तळाशी सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट आहे आणि त्यावर नंतर साचलेल्या वालुकाश्माचे जवळजवळ आडवे थर. या थरांना उभ्या भेगा आहेत. लाटा पायथा पोखरतात आणि वरचा भाग भेगेच्या रेषेत सरळ तुटतो, म्हणून उतार न होता भिंत उरते. आडव्या थरांच्या कपारींवर पाणकावळे बसतात. कड्याच्या अगदी कडेचा दगड भक्कम दिसला तरी तो अशाच भेगेने सुटलेला असू शकतो. कठड्यापलीकडे जाऊ नये ते यासाठी.

१९२० च्या दशकाच्या शेवटी इथे किनारी करमणुकीची ठिकाणे उभी करण्याचे बेत होते. विरोध झाला, जमीन विकत घेतली गेली आणि दशकभरात अभयारण्य झाले. आज सुमारे ७,७५० हेक्टर राखीव आहे. १९९८ मध्ये हा भाग राष्ट्रीय उद्यानात आला, आणि २००४ पासून केपच्या वनस्पतिप्रदेशाचा भाग म्हणून जागतिक वारशात आहे. वाऱ्याने झोपवलेल्या या खुरट्या, कडक पानांच्या झुडपांना फेनबोस म्हणतात. हजाराहून अधिक जाती एवढ्याशा जागेत आहेत. पाटी पाहून लगेच गाडीत बसणाऱ्यांना यातले काहीच दिसत नाही, याचे वाईट वाटते.

जाणाऱ्यांसाठी थोडे नेमके. केप टाऊनहून अंतर साठ-सत्तर किलोमीटर, आणि फाटकापासून वाहनतळापर्यंत आणखी बराच रस्ता, म्हणून अर्धा दिवस पुरत नाही. वाहनतळ सुमारे १२७ मीटर उंचीवर आहे. तिथून रुळांवरची गाडी २१४ मीटरपर्यंत नेते. चालत पंधरा-वीस मिनिटे लागतात. जुन्या दीपगृहापर्यंतच्या शेवटच्या पायऱ्या मात्र सगळ्यांनाच चढाव्या लागतात. नवा दिवा जवळून पाहायचा तर खालची, कड्याच्या कडेने जाणारी अरुंद वाट वेगळी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आग्नेय वारा इतका भन्नाट असतो की तिथे टोपी, चष्मा, हातातला फोन काहीच सुरक्षित नाही. अशा वाऱ्याच्या दिवशी ही वाट टाळावी. डायस बीचवर लाकडी पायऱ्यांनी उतरता येते, पण पाण्यात शिरू नये, ओढ जबरदस्त आहे.

बबून माकडांनी सर्वांत जास्त सहली बिघडवल्या आहेत. एकदा माणसाकडून अन्न मिळाले की ती पिशवी म्हणजे खाऊ असे शिकतात, मग रिकामी पिशवीही हिसकतात. काचा बंद, दारांना कुलूप, खाणे गाडीबाहेर काढायचे नाही. हिसकलेच तर सोडून द्यावे. नराचे सुळे फार मोठे असतात. त्यांना खायला घालणे हा गुन्हा आहे.

फाटक बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती आत शिरतानाच पाहून घ्यावी. उन्हाळ्यातही ते सूर्यास्तापूर्वी बंद होते. त्यामुळे खालच्या दिव्याचे दर तीस सेकंदांतले तीन झोत, ज्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, ते दिवसा आलेल्या पाहुण्यांना दिसत नाहीत.