दारिद्र्यरेषा: आकडा वेगळा, यादी वेगळी

‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक म्हणजे नमुना पाहणीतून निघणारा आकडा, देशात किती टक्के लोक गरीब आहेत हे सांगणारा. दुसरी म्हणजे गावातली बीपीएलची, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची, यादी. आकड्यात कुणाचे नाव नसते. यादीत असते, आणि रेशन, घरकुल त्या नावावरच मिळत असे.

आकड्याचा इतिहास बऱ्याच जणांना माहीत आहे. १९६२ मध्ये एका कार्यगटाने गरिबीची रेषा म्हणून माणशी महिना २० रुपये खर्च धरला. १९७९ मध्ये उष्मांकांचा हिशेब आला: माणशी रोज ग्रामीण भागात २४००, शहरात २१००. २००९ मध्ये पद्धत बदलली, तेव्हा २००४-०५ या एकाच वर्षाची गरिबी २७.५ वरून ३७.२ टक्क्यांवर गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ आणि खेड्यासाठी २६ रुपये सांगितले गेले आणि देशभर संताप उसळला. तो रास्तच होता.

पण गावात खरा घोळ घातला तो २००२ च्या बीपीएल गणनेने. १९९२ आणि १९९७ च्या याद्यांवर टीका झाली होती, म्हणून या वेळी उत्पन्न न विचारता १३ प्रश्न ठरवले गेले. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ५२. गुण जितके कमी तितके कुटुंब गरीब. माणशी कपडे दोनपेक्षा कमी असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. उघड्यावर शौचाला जात असाल तर शून्य, घरचा संडास असेल तर चार. त्याच काळात महाराष्ट्रात ग्रामस्वच्छता अभियान जोरात होते. म्हणजे सरकारचे ऐकून, पदरमोड करून ज्याने संडास बांधला, त्याचे गुण वाढले. हा अन्यायच होता. शिवाय यादी किती लांब असावी हे आधीच्या आकड्यावरून वरून ठरलेले. गावात गरीब कितीही असोत, कोटा भरला की बाकीचे बाहेर.

याच महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात यादीच ठेवली नव्हती. उन्हात माती खणायला जो येईल त्याला काम. गरीब कोण हे कुणा अधिकाऱ्याला ठरवावे लागत नव्हते, आणि माझ्या मते हीच वाट जास्त प्रामाणिक होती. २००५ मध्ये केंद्राने कायदा केला तेव्हा ग्रामीण रोजगारापुरते हेच तत्त्व देशभर गेले.

रेशन मात्र कार्डाच्या रंगातच अडकून राहिले. १९९९ पासून पिवळे, केशरी, पांढरे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बीपीएल हा निकष सोडला, पण राज्याच्या वाट्याला सुमारे ७ कोटी लाभार्थींची मर्यादा आली. त्यात बसवण्यासाठी केशरी कार्डवाल्यांना ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये उत्पन्नाची अट लागली. त्याहून थोडे अधिक कमावणारा रोजंदारीवाला पुन्हा यादीबाहेर राहिला.