ओक्राकोक

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना राज्यातील एक रोधक बेट आणि त्यावरील त्याच नावाचे गाव. अटलांटिक महासागर आणि पॅम्लिको साउंड हे विस्तीर्ण, उथळ खाजण यांच्या मधोमध वाळूच्या अरुंद पट्ट्यांची एक लांबलचक रांग आहे. तिला आउटर बँक्स म्हणतात. ओक्राकोक हा त्याच रांगेतला सुमारे 25 किमी. लांबीचा तुकडा. 2010 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 948 होती, 2020 मध्ये ती 797 भरली. गावाला पूल नाही, नगरपालिका नाही आणि महापौरही नाही. इथले सार्वजनिक जीवन समजून घ्यायचे तर सुरुवात या तीन गोष्टींपासूनच करावी लागते.

रोधक बेट म्हणजे लाटांनी आणि वाऱ्याने रचलेला वाळूचा बांध. त्याच्या पोटात खडक नसतो. मोठ्या वादळात समुद्राकडची वाळू बेट ओलांडून खाजणाच्या बाजूला जाऊन पडते आणि अशा रीतीने बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकत राहते. 1930 च्या दशकात सरकारी योजनेतून आउटर बँक्सवर वाळूच्या टेकड्यांचा सलग बांध उभारला गेला. त्याने ही हालचाल काही काळ रोखली, थांबवली नाही. ओक्राकोक गाव बेटाच्या नैर्ऋत्य टोकाशी, जमीन जरा रुंद होते तिथे, खाजणाच्या कुशीत वसले आहे. गावाबाहेरचे जवळजवळ सगळे बेट 1953 मध्ये स्थापन झालेल्या केप हॅटरस राष्ट्रीय सागरकिनाऱ्यात मोडते, म्हणून सुमारे 21 किमी.च्या पुळणीवर एकही हॉटेल नाही. त्याचाच दुसरा परिणाम असा की गावाला पसरायला जागा उरलेली नाही.

वस्तीचे मूळ कारण शेजारची सामुद्रधुनी. तिचा तळ सतत बदलत असल्याने परक्या जहाजांना वाट दाखवणारे जाणकार लागत. त्यांना इथे वसवण्याचा कायदा वसाहतीच्या विधिमंडळाने 1715 मध्ये केला. ब्लॅकबिअर्ड हा चाचा 22 नोव्हेंबर 1718 रोजी याच पाण्यात मारला गेला. पर्यटकांना बहुधा तेवढेच ठाऊक असते, पण गाव उभे राहिले ते वाट दाखवणाऱ्यांच्या पोटापाण्यावर. 1823 मध्ये बांधलेला पांढरा, बुटका दीपस्तंभ आजही चालू आहे. सामुद्रधुनीच्या पलीकडे पोर्ट्समथ हे एके काळी याहून भरभराटीचे बंदर होते. 1846 च्या वादळाने ईशान्येच्या शेजारच्या हॅटरस बेटाजवळ नवा जलमार्ग फोडला, जहाजांनी तो धरला आणि पोर्ट्समथ ओस पडत गेले. तिथले शेवटचे रहिवासी 1971 मध्ये बाहेर पडले. त्यांचे वंशज ठरावीक वर्षांनी त्या रिकाम्या गावात जमतात. ओक्राकोकच्या लोकांच्या डोळ्यांसमोर हे उदाहरण कायम आहे, कारण ते होडीने काही मिनिटांच्या अंतरावर आहे.

गावाचे घड्याळ फेरीबोटीच्या वेळापत्रकावर चालते. खाजगी मोटार-फेरी 1950 मध्ये सुरू झाली आणि 1957 मध्ये राज्याने ती आपल्याकडे घेतली. आज हॅटरसकडून मोफत फेरी येते. वाळू साचल्यामुळे तिला लांबचा वळसा घ्यावा लागतो, त्यामुळे पूर्वी चाळीस मिनिटांचा असलेला हा प्रवास तासाच्या घरात गेला आहे. खाजणाच्या पलीकडच्या सीडर आयलंड आणि स्वॉन क्वार्टर इथून येणाऱ्या मोठ्या फेऱ्यांना दोन तासांहून अधिक लागतात. स्वॉन क्वार्टर हे काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, मुख्यालय. म्हणजे सरकारी कचेरीत जायचे तर आधी खाजण ओलांडायचे. किराणा, औषधे, इंधन, टपाल, पाहुणे, सगळे बोटीतून येते. वारा वाढला की फेऱ्या बंद होतात आणि दुकानातले दूध-पाव संपत जातात. पुलाची मागणी इथे फारशी होत नाही, यात नवल नाही. पूल झालेल्या बेटांचे काय झाले ते शेजारीच दिसते.

नगरपालिका नसल्यामुळे रस्ते राज्याचे, किनारा केंद्राचा आणि बाकीचा कारभार काउंटीचा. गावाचे म्हणून जे काही आहे ते गावकऱ्यांनीच उभारलेले आहे. आगीचा बंब चालवणारे दल स्वयंसेवकांचे आहे. 90.1 एफएमवरील डब्ल्यूओव्हीव्ही हे सामुदायिक रेडिओ केंद्र स्थानिक लोकच चालवतात. बालवर्गापासून बारावीपर्यंत एकच शाळा आहे. तिची पटसंख्या राज्यातल्या सर्वांत कमी पटाच्या शाळांत मोडते आणि काही वर्षी बारावी उत्तीर्ण होणारी मुले दोन हातांच्या बोटांवर मोजता येतात. त्यांना प्रमाणपत्रे मिळतात त्या दिवशी बहुतेक सगळे गाव समारंभाला हजर असते. आपले मूल त्या तुकडीत असो वा नसो, येतात सगळेच.

या स्वावलंबनाचा सर्वांत ठसठशीत नमुना म्हणजे सिल्व्हर लेक या बंदराच्या काठावरचे मासळीघर. मासेमार पकडलेला माल इथे आणतात, तो बर्फात भरला जातो आणि फेरीने बाहेर जातो. बेटावरचे हे शेवटचे मासळीघर बंद पडायच्या बेतात आले, तेव्हा मासेमारांनी 2006 च्या सुमारास आपली संघटना काढली, पैसे उभे केले आणि ते आपल्या ताब्यात घेतले. मासळीघर गेले असते तर त्याबरोबर मासेमारीही गेली असती, कारण बर्फ आणि खरेदीदार यांच्यावाचून खाजणात जाळे टाकण्यात अर्थ नव्हता. आजही उथळ पाण्यात खांब रोवून त्यांवर जाळी ताणली जातात, खेकड्यांचे पिंजरे सोडले जातात. फ्लाउंडर आणि आपल्या सुरमईच्या कुळातला स्पॅनिश मॅकरल हे इथले महत्त्वाचे मासे. थंडीत कालवे निघतात. वर्षअखेरीच्या सुमारास मासेमारांची संघटना कालवे भाजण्याचा सामुदायिक बेत करते. लांब टेबलांवर भाजलेल्या कालवांचे ढीग ओतले जातात, प्रत्येकाच्या हातात बोथट सुरी असते आणि लोक उभ्याउभ्याच शिंपले उघडून खातात.

हॉवर्ड स्ट्रीट ही जुन्या ओक वृक्षांच्या सावलीतली कच्ची, वाळूची वाट गावाच्या मधून जाते. तिच्या दोन्ही अंगांना कुंपण घातलेल्या लहान लहान कौटुंबिक दफनभूमी आहेत. घरांच्या परसात अशा कितीतरी दफनभूमी असल्याने ठरावीक आडनावे दगडांवर पुन्हा पुन्हा भेटतात. जुन्या घराण्यांतल्या लोकांचे इंग्रजी बोलणेही वेगळे आहे. वॉल्ट वोलफ्रॅम या भाषाशास्त्रज्ञाने 1990 च्या दशकापासून त्याचा अभ्यास केला आणि शाळेतल्या मुलांना त्यांच्याच बोलीचा पाठ मिळू लागला. बाहेरून आलेल्यांसाठी या बोलीत ‘डिंगबॅटर’ असा शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्या कमी होत जाणारी ही बोली टिकेल असे खात्रीने म्हणवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या या किनाऱ्यालगत जहाजे बुडवत होत्या. मे 1942 मध्ये एचएमटी बेडफर्डशायर हे ब्रिटिश गस्ती जहाज सगळ्या खलाशांसह बुडाले. वाहत आलेले चार मृतदेह गावकऱ्यांनी आपल्या दफनभूमीशेजारी पुरले. त्यांपैकी एक होता टॉमस कनिंगहॅम हा अधिकारी. याआधी दगावलेल्या दुसऱ्या ब्रिटिश खलाशांच्या दफनासाठी त्यानेच आपल्या जहाजावरचे ध्वज काढून दिले होते. त्यांतलाच ध्वज त्याच्या शवपेटीवर घालावा लागला. दर वर्षी मे महिन्यात तिथे मानवंदना होते आणि गावातील शाळकरी मुलेही तिला येतात. त्याच वर्षी मार्चमध्ये कॅरिबसी हे मालवाहू जहाज बुडाले होते. त्यावर काम करणारा जेम्स बॉघम गॅस्किल हा याच गावचा. तो गेला, त्याचा चौकटीत लावलेला परवाना मात्र ओक्राकोकच्या किनाऱ्याला लागला. त्याच जहाजाच्या वाहत आलेल्या लाकडातून घडवलेला क्रूस मेथडिस्ट चर्चच्या वेदीवर आहे. गाव आणि समुद्र यांचे नाते सांगायला याहून अधिक काही लागत नाही.

उन्हाळ्यात गावाची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढते. सायकली आणि गोल्फकार्ट यांनी रस्ते भरतात. जूनमध्ये लोकसंगीत आणि कथाकथनाचा ओक्राफोक महोत्सव होतो. चार जुलैला मिरवणूक निघते आणि वाळूशिल्पांची स्पर्धा भरते. ऑगस्टमध्ये अंजिराचा महोत्सव असतो. अंजिराची झाडे इथे घरोघरी आहेत, त्यांच्या बुंध्याशी कालवांची शिंपले टाकण्याची जुनी पद्धत आहे आणि अंजिराच्या मुरंब्याचा केक हा गावाचा मानाचा पदार्थ. पूर्वी बेटावर मोकाट फिरणारी घोडी आता कुंपणाच्या आत असून राष्ट्रीय उद्यान सेवा त्यांची देखभाल करते. 1950 च्या दशकात गावातल्या मुलांचे याच घोड्यांवर स्वार होणारे बालवीर पथक होते.

वादळांविषयीचे इथले ज्ञान पिढीजात आहे. पाणी चढू लागले की जुने लोक दारे उघडी टाकत आणि जमिनीच्या फळ्यांना भोके पाडत, म्हणजे पाणी घरात शिरून घराला खाली दाबून धरील आणि घर पायावरून तरंगत सुटणार नाही. धोका नेहमी महासागराकडूनच येतो असे नाही. वारा आधी खाजणाचे पाणी पश्चिमेला रेटतो आणि वादळ पुढे सरकून वारा फिरला की तेच पाणी एकदम परत येते. 6 सप्टेंबर 2019 रोजी डोरियन चक्रीवादळात असेच घडले. सकाळी काही तासांत पाणी 1944 च्या वादळाच्या जुन्या खुणांच्याही वर गेले आणि सात फुटांची पातळी ओलांडली. अनेकांनी माळ्यावर चढून जीव वाचवले. कुणीही बुडून मेले नाही, ही शेजाऱ्यांच्या होड्यांची आणि बंबाच्या दलातल्या स्वयंसेवकांची कमाई होती.

पुढचे महिने कठीण गेले. शाळेची इमारत निकामी झाल्याने वर्ग गावातल्या इतर जागांत भरवावे लागले. बेट पाहुण्यांसाठी डिसेंबरपर्यंत बंद राहिले, म्हणजे ज्यांचे घर गेले त्यांचा हंगामही गेला. आपद्‌ग्रस्त कुटुंबांना थेट मदत देण्याची राज्याची विनंती फेमा या केंद्रीय आपत्ती-निवारण यंत्रणेने नाकारली. हा निर्णय आकडेमोडीत बसत असेलही, पण एका बेटावरची जवळजवळ सगळी वस्ती उद्ध्वस्त झाली असताना तो अन्याय्यच वाटतो. ती पोकळी देणग्या, स्वयंसेवक आणि चर्चच्या पुढाकाराने झालेली स्थानिक पुनर्वसन संघटना यांनी भरून काढली. त्यानंतर कित्येक घरे खांबांवर उचलली गेली. ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्याशी बोलण्याची सवय असलेल्या गावात आता ओटा डोक्याच्याही वर गेला आहे.

वीज आणि रस्ता या दोन्ही बाबतीत बेट परावलंबी आहे. जुलै 2017 मध्ये उत्तरेकडे हॅटरस बेटाच्या नव्या पुलाचे काम चालू असताना वीजवाहिन्या तोडल्या गेल्या आणि ऐन हंगामात पाहुण्यांना सुमारे आठवडाभर बाहेर काढावे लागले. बेटाच्या ईशान्य टोकाला, हॅटरसची फेरी लागते त्या धक्क्याजवळ, राज्य महामार्ग 12 समुद्राच्या माऱ्यात आहे. वाळूच्या पोत्यांनी तो धरून ठेवलेला आहे आणि वादळ येऊन गेले की त्यावरची वाळू यंत्रांनी उपसावी लागते.

सध्याचा सर्वांत बिकट प्रश्न मात्र घरांचा आहे. बांधायला जमीन मर्यादित, बाहेरच्या खरेदीदारांची मागणी मोठी, आणि बरीच घरे आठवड्याच्या भाड्याने पर्यटकांना दिली जातात. परिणामी शिक्षक, स्वयंपाकी, फेरीवरचे कर्मचारी आणि तरुण मासेमार यांना वर्षभर राहायला जागा मिळत नाही. यांत मेक्सिकोहून येऊन स्थायिक झालेली कुटुंबेही आहेत. त्यांची मुले आज शाळेच्या पटाचा मोठा भाग आहेत. बंबाचे दल, रेडिओ, मासळीघर आणि शाळा यांना माणसे लागतात ती बाराही महिने बेटावर राहणारी, त्यामुळे गावातल्या सभांमध्ये वादळाइतकीच चर्चा आता परवडणाऱ्या घरांची होते.