लोकलहोस्ट

संगणकाने स्वतःलाच उद्देशून वापरायचे जाळ्यावरील नाव. वेब अॅप्लिकेशनचा बॅकएंड (पडद्यामागे विनंत्यांना उत्तरे देणारा भाग) सर्व्हरवर चढवण्यापूर्वी डेव्हलपर तो आपल्याच यंत्रावर चालवून पाहतात, तेव्हा ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता बहुधा हाच. आयपी या इंटरनेटच्या पत्तापद्धतीच्या आवृत्ती ४ मध्ये तो १२७.०.०.१, तर आवृत्ती ६ मध्ये ::१ असतो. या पत्त्यावर धाडलेले पॅकेट (माहितीचा छोटा गठ्ठा) नेटवर्क कार्डापर्यंत जातच नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, ते ‘लूपबॅक’ या आभासी इंटरफेसवरून आतल्या आत परत फिरवते. वायफाय बंद असले तरी काम अडत नाही, ते यामुळे.

पत्त्याच्या सुरुवातीचा १२७ हा क्रमांक नेमका केव्हा रूढ झाला, याविषयी मतभेद संभवतात. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीचे क्रमांकित दस्तऐवज) तो केवळ ‘राखीव’ असून लूपबॅकशी त्याचा संबंध जोडलेला नाही. अधिकृत नेमणूक सामान्यतः रेनॉल्ड्स व पोस्टेल यांच्या आरएफसी ९९० (नोव्हेंबर १९८६) पासून धरतात. १२७ वर पाठवलेले पॅकेट कोणत्याही जाळ्यावर कधीही दिसता कामा नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. तथापि १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सोर्स कोडमध्ये लूपबॅकसाठी हाच क्रमांक आढळतो. तेव्हा प्रघात आधीचा व दस्तऐवज मागाहूनचा, हे मत अधिक ग्राह्य दिसते. निवडीचे कारण दोन्ही आरएफसींत दिलेले नाही. अ वर्गातील (सर्वांत मोठ्या जाळ्यांच्या गटातील) तो शेवटचा क्रमांक, म्हणून उचलला असावा, हा तर्कच म्हणायचा. परिणामी १२७ ने सुरू होणारे सर्व १,६७,७७,२१६ पत्ते या एका कामात अडकले. आवृत्ती ६ मध्ये एकच पत्ता पुरला. बहुतेक पत्ते मोकळे करावेत असा मसुदा २०२१ मध्ये मांडला गेला, पण तो मानक झालेला नाही. ‘लोकलहोस्ट’ हे डोमेन नाव आरएफसी २६०६ ने (जून १९९९) राखून ठेवले.

पत्त्यापुढे पोर्ट, म्हणजे यंत्रावरील नेमका प्रोग्रॅम दाखवणारा क्रमांक, येतो : वेब फ्रेमवर्कांपैकी जँगोचा ८०००, रेल्सचा ३०००, फ्लास्कचा ५०००, तर पोस्टग्रेस हा डेटाबेस ५४३२ वर ऐकतो. मॅकओएस माँटेरेपासून ५००० वर अॅपलची एअरप्ले ही प्रसारण सुविधा बसलेली असू शकते. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १७ व्या आवृत्तीपासून (२०२१) लोकलहोस्ट या नावाचा पत्ता शोधताना आयपी आवृत्ती ४ च्या पत्त्याला दिले जाणारे प्राधान्य गेले. त्यामुळे सर्व्हर १२७.०.०.१ वर ऐकत असताना विनंती ::१ कडे जाऊन ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा निरोप येऊ लागला. अशा वेळी नावाऐवजी आकडी पत्ताच लिहितात.

डॉकर हे साधन प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवते. त्यात प्रत्येक कंटेनरचा लूपबॅक सहसा स्वतंत्र असतो. आतला बॅकएंड १२७.०.०.१ वरच ऐकत राहिला, तर पोर्ट जोडूनही तो बाहेरच्या ब्राउझरला सापडत नाही, त्याला ०.०.०.० वर, म्हणजे सर्व इंटरफेसवर, ऐकवावे लागते. मात्र यजमान यंत्रावरचा पोर्ट १२७.०.०.१ ला बांधलेला बरा, एरवी त्याच जाळ्यातील इतर यंत्रांनाही तो खुला होऊ शकतो.