लिंबाचा थेंब आणि चुनखडीचा खडा

पश्चिम विदर्भातल्या काळ्या वावरात नांगरट झाली की ढेकळांसोबत पांढुरके खडे वर येतात. कुठे बोराएवढे, कुठे सुपारीएवढे. ही चुनखडी. एक खडा फोडून त्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतील. आम्ल पावसाचं या मातीत काय होतं, ते तिथेच दिसतं.

साधा पाऊसही किंचित आंबटच असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने त्याचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; ७ च्या खाली आकडा जितका कमी, तितकं आंबट) ५.६ च्या आसपास येतो. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड मिसळला की तो आणखी उतरतो. चंद्रपूर, कोराडी, तिरोडा इथली औष्णिक केंद्रं जवळच असल्याने पारावरही हा विषय निघतो. मात्र बोलणं सगळं चिमणीवर होतं, मातीकडे कोणी वळत नाही.

समजा, सामू ४ असलेला, म्हणजे चांगलाच आंबट पाऊस वर्षभरात १,००० मिलिमीटर पडला. एकरभर वावरात त्यातून उतरलेलं आम्ल मारायला २० किलो चुनखडी पुरते. वरच्या अर्ध्या फूट मातीचं वजन एकरी सुमारे ८ लाख किलो. तीत चुनखडी १ टक्का धरली तरी ८,००० किलो झाली. फक्त या आम्लापुरतं बोलायचं तर चारशे वर्षांची बेगमी! त्यामुळे पऱ्हाटीवाल्याने, म्हणजे कापूस पेरणाऱ्याने, आम्ल पावसाने माती बिघडेल म्हणून झोप उडवून घेऊ नये, असं माझं मत.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे गेलं की हिशेब बदलतो. तिथे बऱ्याच भागात खाली काळा बेसाल्ट नाही, ग्रॅनाइटच्या जातीचे जुने खडक आहेत. धानकरी मातीला नावानेच ओळखतात: कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी. कन्हार भारी आणि काळी, ती बरंच पचवते. बर्डी उथळ, मुरमाड. तिच्यात चुना नाही आणि कॅल्शियम धरून ठेवणारी चिकणही थोडी. आम्ल आलं की कॅल्शियम पाण्याबरोबर निघून जातं. सामू ५ च्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळू लागतं आणि मुळांची टोकं खुंटतात. स्वीडन-नॉर्वेतल्या तळ्यांमधले मासे गेले, ते अशाच ग्रॅनाइटी, चुना नसलेल्या मुलखात.

धानाच्या बांधीला एक कवच आहे. पाणी साचून हवा तुटली की मातीतल्या रासायनिक क्रिया सामूला ७ कडे ओढतात. टेकडीवरच्या जंगलाला ते नाही, आणि तिथे चुना टाकायलाही कोणी जात नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी अवघड वाटेल अशी. ४५ किलोच्या युरियाच्या एका थैलीतून मातीत जेवढं आम्ल तयार होऊ शकतं, ते मारायला साधारण ३५ किलो चुनखडी लागते. वरच्या त्या आंबट पावसाच्या वर्षापेक्षा जास्त!

लिंबू पिळून बुडबुडे आले नाहीत, तर माती आंबट झाली असं समजू नका. चुन्याची शिल्लक नाही एवढंच ते सांगतं. सामू कळायला नमुना तपासायला द्यावा लागतो. देताना बर्डीचा आणि कन्हारचा एकाच पिशवीत कालवू नका.