ब्रेक डिस्क आणि पॅड घरी बदलणे

ब्रेक डिस्क आणि पॅड घरी बदलणे : मोटारीच्या चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी, म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे घर्षण-अस्तराचे पॅड झिजल्यावर ते उतरवून नवे बसवण्याचे, गाडीमालकाने स्वतः केलेले काम. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात ते बहुधा गॅरेजमधल्या मिस्त्रीवरच सोपवले जाते. मात्र पक्की सपाट जागा, योग्य पाने आणि निवांत अर्धा दिवस मिळाला, तर घरीही ते नीट करता येते. नवे भाग बसवणे हा त्यातला सोपा टप्पा आहे. पावसाळी मुलखातल्या गाडीवर खरा वेळ जुना गंज काढण्यातच जातो, आणि कामाची प्रतही त्यावरच ठरते.

डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले, तरी त्याचा बोलबाला झाला तो १९५३ मध्ये फ्रान्समधली ल मान्सची मोटार-शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने जिंकल्यावर. भारतातल्या बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम व लायनर असतात. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्या चाकांवर येते, म्हणून ही विभागणी पुरेशी ठरते.

पायाचा दाब ब्रेक ऑइलमार्फत कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यातल्या, पिस्टनपर्यंत पोहोचतो, पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो आणि गतीची उष्णता होते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी १,००० किलोग्रॅमची गाडी एकदा थांबवताना सुमारे २४७ किलोज्यूल उष्णता निघते. तेवढ्यात पाऊण लिटर पाणी उकळीला येईल. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेथून चोर्ला किंवा अनमोड घाटाने गोव्याकडे, अथवा आंबोलीमार्गे सावंतवाडीकडे जाताना हीच गाडी ७०० मीटर खाली उतरली, तर सुमारे ६.९ मेगाज्यूल ऊर्जा कोठेतरी मुरवावी लागते, म्हणजे वर सांगितलेला ब्रेक जवळपास २८ वेळा लावण्याइतकी. खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्याच्या गाडीत तिचा मोठा वाटा इंजिन उचलते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणाऱ्याच्या गाडीत तो सगळा डिस्क आणि पॅडवर पडतो.

नव्या पॅडचे अस्तर साधारणतः १० मिलिमीटर जाड असते आणि ते ३ मिलिमीटरवर आले की पॅड बदलावा, असा संकेत आहे. काही पॅडवर पत्र्याची लहान जीभ असते. अस्तर संपत आले की ती डिस्कला घासून किंचाळते. चाकाच्या भोकांतून डोकावून बाहेरचा पॅड पाहणे आणि निश्चिंत होणे ही नेहमीची चूक आहे, कारण कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकल्या की आतला पॅड आधी संपतो. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. झिजलेल्या डिस्कच्या कडेला धार उभी राहते आणि व्हर्नियरचे जबडे तिच्यावरच टेकतात, त्यामुळे मोजमाप मायक्रोमीटरने घ्यावे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत लेथवर डिस्क तासून घेता येते, पण लहान गाडीच्या डिस्कमध्ये नवी जाडी आणि किमान जाडी यांत दोन मिलिमीटरच्या आसपासच अंतर असते. तासलेली डिस्क लवकरच मर्यादेखाली जाते, म्हणून नवी जोडी घेणेच परवडते.

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात पाऊस मुसळधार असतो. रात्रीतून डिस्कवर चढणारा तांबूस थर सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकांत निघून जातो, त्याची काळजी नको. नोकरीसाठी पुण्याला किंवा गोव्याला राहणाऱ्याची गावी दाराशी महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी मात्र वेगळी : तिच्या डिस्कवर खड्डे पडतात, आणि पॅड जेथे टेकलेले असतात तेथे त्यांचा ठसा उमटतो.

कामासाठी कोबा केलेली जागा हवी. सारवलेल्या किंवा मुरमाच्या अंगणात जॅक खचतो. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना अटकाव लावावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि गाडी उचलल्यावर ती जॅक-स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नये, विटांवरच्या तर मुळीच नाही. चाक काढल्यावर कॅलिपरचे बोल्ट सोडून तो तारेने स्प्रिंगला टांगतात. रबरी नळीवर लोंबू दिला तर नळी आतून फाटू शकते. ब्रेकची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने उडवू नये, कारण जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते; ओल्या फडक्याने पुसावी.

डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, गंजाने चिकटलेली असेल तर गंज सोडवणारे तेल सांध्यात मुरू द्यावे आणि नंतर हातोडीने ठोके द्यावेत. यापुढचा टप्पा घाईत टाळला जातो. हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून लखलखीत करावा, कारण तेथे राहिलेला गंजाचा पापुद्रा डिस्कला किंचित तिरकी बसवतो. एक दशांश मिलिमीटरचे डोलणेही चालत नाही. काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागते आणि दोष नव्या डिस्कला दिला जातो. नव्या डिस्कवरचे संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे, सरकत्या पिना साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे. पॅडच्या अस्तराला मात्र ग्रीसचा स्पर्शही नको. पॅड आणि डिस्क नेहमी दोन्ही चाकांच्या जोडीनेच बदलतात.

नवे पॅड जाड असल्याने पिस्टन क्लॅम्पने हळूहळू आत ढकलावा लागतो. त्या वेळी ब्रेक ऑइल टाकीत परत चढते, ते सांडून रंगावर पडले तर रंग उचलते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंश आहे, आणि घाटात पेडल अचानक मऊ पडण्याचे हे एक कारण आहे. मागे डिस्क आणि विजेवर चालणारा हँडब्रेक असेल, तर पिस्टन जबरदस्तीने ढकलू नये. ते काम गॅरेजचे.

चाके चढवून नट आडव्या-तिडव्या क्रमाने, कंपनीने दिलेल्या मापाला, लहान गाड्यांत साधारणतः ८५ ते ११० न्यूटन-मीटर, आवळतात. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत अनेकदा दाबलेच पाहिजे, कारण पहिल्या दाबाला ते थेट तळाला जाते. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून दहा-बारा वेळा, मधे डिस्क निवू देत, हळुवार ब्रेक लावून पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळवावेत. काही किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत. जुन्या डिस्क भंगारात वजनावर जातात आणि बीड असल्याने पुन्हा वितळवता येतात. जुने ब्रेक ऑइल मात्र गटारात न ओतता बंद बाटलीत ठेवून गॅरेजला द्यावे.