सेवाक्षेत्र आणि सरकार (भारतीय अर्थव्यवस्था)

शेती आणि उद्योगक्षेत्र (कारखाने, खाणी, वीज, बांधकाम) वगळले की राष्ट्रीय उत्पन्नात जे उरते त्याला सेवाक्षेत्र किंवा तृतीयक क्षेत्र म्हणतात. व्यापार, वाहतूक, बँका, विमा, शिक्षण, दवाखाने, सॉफ्टवेअर, घरकाम आणि खुद्द सरकारी कारभार हे सगळे त्यात येते. १९५०-५१ मध्ये देशाच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग शेतीचा होता. आज निम्म्याहून अधिक भाग सेवांचा आहे आणि शेती अठरा टक्क्यांच्या आसपास आली आहे.

सेवा मोजायच्या का, हाच एकेकाळी वाद होता. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी दरडोई उत्पन्न २० रुपये काढले ते पिके, मीठ, खनिजे अशा वस्तूंच्या हिशेबावर. वकिलाची फी किंवा कारकुनाचा पगार त्यांनी धरला नाही. १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीने (अध्यक्ष प्र. चं. महालनोबिस, सदस्य धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव) सेवा आणि सरकारी प्रशासन दोन्ही हिशेबात घेतले.

सरकारचा वाटा मोजण्याची रीत मात्र विलक्षण आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी जे शिकवतात ते बाजारात विकले जात नाही, म्हणून त्याला भाव नाही. मग शाळेवरचा खर्च, म्हणजे मुख्यतः पगार, हेच तिचे उत्पादन धरले जाते. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी वाटली गेली तेव्हा आकडेवारीत सरकारी सेवांची वाढ चांगलीच फुगली. वर्गातली मुले आणि फळा तेच होते. उलट 'लाडकी बहीण'चे महिन्याला १,५०० रुपये हे निव्वळ हस्तांतरण, म्हणजे कामाच्या मोबदल्याशिवाय दिलेले पैसे, त्यामुळे उत्पादनात त्यांची नोंद नाही. रोजगार हमीच्या मजुरीतून बंधारा उभा राहतो, म्हणून ती मोजली जाते. सरकार किती मोठे, याचे उत्तर म्हणूनच अर्थसंकल्पात एक आणि राष्ट्रीय उत्पन्नात दुसरे मिळते.

सरकार सेवांत मालक म्हणूनही उतरले : १९५५ मध्ये स्टेट बँक, १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ, १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण. १९९१ नंतर दूरसंचार आणि संगणक सेवांत खासगी कंपन्यांनी आघाडी घेतली. १९९४ मध्ये टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली या तीनच सेवांवर ५ टक्के सेवाकर बसला. पुढे यादी लांबत गेली आणि २०१७ मध्ये तो कर जीएसटीत विरला.

सेवांच्या वाढीतला काही भाग केवळ नाव बदलल्याचा आहे. कारखान्याच्या पगारपत्रकावरचा वॉचमन उद्योगक्षेत्रात मोजला जातो. तेच काम एजन्सीला दिले की तोच माणूस, त्याच फाटकावर, त्याच रात्रपाळीत सेवाक्षेत्रात जातो, बहुधा कमी पगारावर. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९८४ मध्ये सेवा अशा उद्योगातून फुटून निघण्याची प्रक्रिया मांडली होती. तसेच पोळ्यांचे : घरी लाटल्या तर हिशेबाबाहेर, पोळीभाजी केंद्रातून आणल्या तर राष्ट्रीय उत्पन्नात.

माणसे मात्र उत्पन्नाच्या वेगाने हललेली नाहीत. देशातले चाळीस टक्क्यांहून अधिक कामकरी अजून शेतीवरच आहेत. जे सेवांत आले त्यांतले बरेच हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत नव्हे, तर हातगाडी, रिक्षा आणि दुकानाच्या गल्ल्यामागे आहेत.