तीन गायक, एक बँड: हेलोवीनच्या नव्या अल्बममागची चाळीस वर्षं

२९ ऑगस्ट २०२५ ला हेलोवीन या जर्मन हेवी मेटल बँडचा ‘जायंट्स अँड मॉन्स्टर्स’ हा अल्बम आला. त्यातलं ‘जायंट्स ऑन द रन’ हे पहिलंच गाणं काई हान्सन, मायकेल किस्के आणि आंडी डेरिस मिळून गातात. तीन गायक, तीन गिटार, एकूण सात वादक-गायक हा सगळा थाट नव्या श्रोत्याला हौसेचा वाटेल. पण हे तिघेही वेगवेगळ्या काळात याच बँडचे मुख्य गायक होते. हान्सनच्या जागी किस्के आला, किस्केच्या जागी डेरिस. ते आज एकाच गाण्यातल्या ओळी वाटून घेतात आणि त्यातून जो आनंद ऐकू येतो, तो मुळापासून समजायचा तर १९८४ च्या हॅम्बुर्गपर्यंत मागे जायला हवं.

त्या वर्षी हान्सन आणि मायकेल वाइकाथ गिटारवर, मार्कुस ग्रॉसकॉफ बेसवर आणि इंगो श्विख्टेनबर्ग ड्रम्सवर अशा चौघांनी हेलोवीन सुरू केला. गायचंही हान्सननेच. आयर्न मेडन आणि जूडास प्रीस्ट या इंग्लिश बँडनी दोन गिटारांवर एकच धून जोडीने वाजवायची पद्धत रुजवली होती. जर्मनीतच झोलिंगनच्या अ‍ॅक्सेप्टने १९८२ मध्ये ‘फास्ट अ‍ॅज अ शार्क’मधून डबल बेस ड्रमचा, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, वेग किती वाढवता येतो ते दाखवलं होतं. हेलोवीनच्या पोरांनी दोन्ही उचललं. नॉइज रेकॉर्ड्स या कंपनीसाठी केलेला ‘वॉल्स ऑफ जेरिको’ हा पहिला पूर्ण अल्बम १९८५ मध्ये आला. तो कच्चा आहे, धावता आहे, आणि थ्रॅश मेटल या वेगवान, आक्रमक प्रकाराच्या अगदी शेजारी बसतो.

अडचण एकच होती. इतक्या वेगात गिटार वाजवायची आणि वर गायचंही, हे हान्सनला जड जाऊ लागलं. म्हणून वेगळ्या गायकाचा शोध सुरू झाला आणि हॅम्बुर्गमधल्याच एका लहान बँडमधला मायकेल किस्के सापडला. तेव्हा तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता. एका गिटारिस्टची ही साधी सोय पुढे एका अख्ख्या संगीतप्रकाराचा पाया ठरली, असं मला मनापासून वाटतं. कारण किस्केचा आवाज खरखरीत नव्हता. तो तार सप्तकात सहज जायचा, तिथे स्वच्छ आणि भरदार राहायचा. असा गळा मिळाल्यावर गाणी बदलणारच होती. खाली ड्रम्स पूर्ण वेगात, मध्ये दोन गिटार एकमेकींच्या हातात हात घालून, आणि वर हजारो लोकांनी एकसाथ गावं असा मोकळा, उजळ कोरस. आज आपण ज्याला पॉवर मेटल म्हणतो ते १९८७ आणि १९८८ मध्ये दोन भागांत आलेल्या ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’वर पहिल्यांदा पूर्ण रूपात ऐकू येतं. बँडला खरं तर दोन्ही भाग एकत्र, डबल अल्बम म्हणून हवे होते, पण कंपनीने नाही म्हटलं.

या जोडीतली दोन मोठी गाणी शेजारी ठेवून ऐकावीत. पहिल्या भागातलं ‘हॅलोवीन’ हान्सनचं, दुसऱ्यातलं शीर्षकगीत वाइकाथचं, आणि दोन्ही तब्बल तेरा-तेरा मिनिटांची. हान्सनचं गाणं वळणावळणाने पळतं, तर वाइकाथचं एकेक मजला चढवत जातं. एकाच बँडमध्ये दोन तोलामोलाचे रचनाकार होते, ही त्यांची ताकद होती आणि तणावाचं कारणही. दुसऱ्या भागात हान्सनने लिहिलेलं ‘आय वॉन्ट आउट’ आहे. ते आलं आणि थोड्याच काळात हान्सन खरोखरच बाहेर पडला. त्याने गामा रे हा स्वतःचा बँड काढला.

पुढची काही वर्षं दुःखाची. कंपनीशी करारावरून कोर्टकचेरी झाली. १९९१ आणि १९९३ च्या अल्बमांत बँड स्वतःच्याच आवाजापासून दूर गेला. १९९३ च्या ‘कमेलियन’मध्ये काही सुंदर क्षण आहेत, पण त्यात हेलोवीन शोधावा लागतो. त्यानंतर किस्केला काढण्यात आलं. वाइकाथ आणि त्याच्यात इतकी कटुता आली की पुढे कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

याच काळात ड्रमर इंगो आजारी पडला. चाहते त्याला ‘मिस्टर स्माइल’ म्हणत. स्किझोफ्रेनियामुळे १९९३ मध्ये त्याला बँड सोडावा लागला, आणि ८ मार्च १९९५ ला त्याने आयुष्य संपवलं. तो २९ वर्षांचा होता. त्याच वर्षी गामा रेने ‘लँड ऑफ द फ्री’ काढला. त्यातलं ‘आफ्टरलाइफ’ इंगोसाठी आहे, आणि त्याच अल्बमवर किस्के पाहुणा म्हणून एक गाणं गायला आहे. हेलोवीनने १९९६ चा ‘द टाइम ऑफ द ओथ’ इंगोला अर्पण केला. एकाच मित्रासाठी दोन घरांत वेगवेगळा शोक झाला. हेलोवीनच्या इतिहासात मला याहून जास्त अस्वस्थ करणारं दुसरं काही नाही.

डेरिस १९९४ मध्ये पिंक क्रीम ६९ हा बँड सोडून आला. त्याचा आवाज किस्केसारखा नाही, त्यात खरखर आहे, रॉक अँड रोलची मस्ती आहे. म्हणून काही जुन्या चाहत्यांनी त्याला कायम दुय्यम मानलं, आणि तो अन्याय आहे. ‘मास्टर ऑफ द रिंग्ज’पासून पुढची दोन दशकं त्यानेच बँड उभा ठेवला. मधल्या काळात गिटारिस्ट गेले, ड्रमर बदलले, मग गिटारिस्ट साशा गेर्स्टनर आणि ड्रमर डानी लोब्ले आले. परत येणाऱ्यांना यायला घर शिल्लक राहिलं, त्याचं मोठं श्रेय डेरिसचं.

किस्के तोवर मेटलपासून लांब गेला होता. टोबियास सामेट या जर्मन गायकाच्या ‘अव्हांटेशिया’ या मेटल ऑपेराच्या २००१ मधल्या पहिल्या भागात तो गायला तेही ‘अर्नी’ या टोपणनावाने. पण दार किलकिलं झालं होतं. २००७ मध्ये हेलोवीन आणि गामा रे एकत्र दौऱ्यावर निघाले. किस्केच्या युनिसॉनिक या नव्या बँडमध्ये २०११ मध्ये हान्सनही सामील झाला. किस्केने नंतर मुलाखतींत सांगितलंय की वाइकाथशी पुन्हा समोरासमोर गाठ पडली तेव्हा आपला राग केव्हाच विरून गेलाय हे त्याला उमगलं. २०१६ मध्ये किस्के आणि हान्सन हेलोवीनसोबत परत येणार अशी, ‘पंपकिन्स युनायटेड’ या दौऱ्याची घोषणा झाली आणि पुढच्या वर्षी दौरा सुरू झाला. त्यात पडद्यावर इंगोचं जुनं चित्रण दाखवायचे आणि लोब्ले मंचावरून त्याला साथ द्यायचा.

दौरा संपल्यावर सगळे आपापल्या घरी गेले असते तरी कोणी तक्रार केली नसती. पण २०२१ मध्ये नुसतं ‘हेलोवीन’ एवढंच नाव असलेला अल्बम आला आणि तो जर्मनीच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यावर लोब्लेने वाजवलेला ड्रमसेट इंगोचा होता, ‘कीपर’च्या काळातला. निर्माते होते चार्ली बाउअरफाइंड आणि डेनिस वॉर्ड. वॉर्ड हा पिंक क्रीम ६९ मध्ये डेरिसचा आणि युनिसॉनिकमध्ये किस्के-हान्सनचा जुना सहकारी. दोन्ही बाजूंना घरचा असलेला माणूस स्टुडिओत काचेपलीकडे बसणं किती मोलाचं असतं, ते तो अल्बम ऐकताना कळतं.

‘जायंट्स अँड मॉन्स्टर्स’ याच दोन निर्मात्यांनी केलाय, आणि मला तो २०२१ च्या अल्बमपेक्षा जास्त आवडतो. तिथे सगळ्यांना न्याय द्यायची काळजी जाणवत होती. ‘स्कायफॉल’ हे बारा मिनिटांचं गाणं सोडलं तर प्रत्येकाची खोली वेगळी दिसत होती. इथे मिसळण झालीय. ‘इन्टू द सन’मध्ये किस्के आणि डेरिस एकमेकांच्या ओळी पुढे नेतात. खरखरीत आवाज मागे सरतो, स्वच्छ आवाज वर जातो, आणि कोरसला दोघं एकत्र येतात तेव्हा कोणाचा हेलोवीन खरा हा जुना वाद मला तरी निरर्थक वाटला. ‘अ लिटल इज अ लिटल टू मच’ काहींना फार गोड वाटेल. मला त्यात डेरिसच्या नव्वदच्या दशकातल्या गाण्यांचा खेळकरपणा दिसतो, आणि तो या बँडच्या रक्तात पहिल्यापासून आहे. शेवटचं ‘मॅजेस्टिक’ आठ मिनिटांच्या वर जातं. वळणं, थांबे, पुन्हा धाव, गिटारांची जुगलबंदी असा सगळा ‘कीपर’च्या काळातला डौल त्यात आहे. फक्त तेव्हा विशीतले असलेले आता साठीच्या आसपास आहेत, आणि त्यांची बोटं अजून तेवढीच वेगाने धावतात.